शिर न सापडलेला प्राणी कसा रंगवावा? रत्नागिरीचा कातळ, चिनी शाई आणि डायनासोरचे चित्र

१/ रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात, कशेळीच्या सड्यावर एक हत्ती आहे. जांभ्या कातळात रेषा कोरून काढलेली ही आकृती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. तिच्या अंतर्भागात इतर प्राण्यांच्या अनेक लहान आकृती कोरलेल्या आहेत. कोरणाऱ्यांचे नाव, भाषा, हेतू यांपैकी काहीच उरलेले नाही. उरली आहे ती केवळ रेषा.

२/ आता महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे आयसिसॉरस या डायनासोरची हाडे सापडली. त्याची लांबी अभ्यासकांनी सुमारे १८ मीटर मानली आहे. म्हणजे कशेळीच्या हत्तीच्या रेषांमध्ये हा प्राणी जवळजवळ मूळ आकारात मावला असता. मात्र हत्ती कोरणाऱ्याने हत्ती पाहिला असावा. आयसिसॉरस मात्र कोणत्याही मानवाने पाहिलेला नाही. शिवाय त्याची कवटीही सापडलेली नाही.

३/ गेल्या काही वर्षांत पारंपरिक चिनी चित्रकलेच्या शैलीत डायनासोर रंगवण्याची आवड डिजिटल चित्रकारांमध्ये वाढते आहे. शाईचे फराटे, धुके, मोकळा कागद आणि त्यातून डोकावणारा एक अजस्र प्राणी. ही चित्रे देखणी असतात. पण त्यांच्यामागे एक जुना आणि गंभीर प्रश्न उभा आहे : जे कोणी पाहिले नाही, त्याचे चित्र प्रामाणिकपणे कसे काढावे? हा थ्रेड त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे.

४/ हा प्रश्न फार पूर्वी नेमकेपणाने मांडला गेला तो चीनमध्ये. इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकातील विचारवंत हान फेइ याच्या ग्रंथात एक प्रसंग येतो. छी राज्याचा राजा चित्रकाराला विचारतो, की काढायला सर्वांत अवघड काय? चित्रकार सांगतो, कुत्रा आणि घोडा. आणि सर्वांत सोपे? भुते. कारण कुत्रा आणि घोडा सर्वांनी रोज पाहिलेला असतो, चूक लगेच पकडली जाते. भूत कोणीच पाहिलेले नसते. मग चूक दाखवणार कोण?

५/ डायनासोर या दोहोंच्या मधोमध उभा आहे. त्याची हाडे आहेत, पावलांचे ठसे आहेत, अंडी आहेत. म्हणून तो भूत नव्हे. पण त्याचे चालणे, कातडीचा रंग, डोळ्यांतला भाव कोणी पाहिलेला नाही, म्हणून तो घोडाही नव्हे. अर्धे चित्र पुराव्याने बांधलेले आणि अर्धे मोकाट, अशी ही अवस्था आहे. चित्रकाराच्या सचोटीची कसोटी लागते ती या दुसऱ्या अर्ध्यात.

६/ युरोपात ही कसोटी फार लवकर लागली. १८३० मध्ये भूवैज्ञानिक हेन्री डी ला बेश याने इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरील प्राचीन सागरी जीवांचे जलरंगचित्र काढले. त्याचा मोठा आधार होता मेरी ॲनिंग या जीवाश्मशोधक स्त्रीने खडकांतून काढलेले सांगाडे. नामशेष जीवसृष्टीचे, पुराव्यावर आधारलेले हे पहिल्या दृश्यांपैकी एक मानले जाते.

७/ पुढे १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स याने डायनासोरचे मूळ आकारातील पुतळे उभारले. इग्वानोडॉन हा प्राणी त्याने गेंड्यासारखा धिप्पाड, चार पायांवर उभा आणि नाकावर शिंग असलेला दाखवला. शिंगासारखे एक हाड खरोखरच सापडले होते. प्रश्न होता तो त्याच्या जागेचा.

८/ १८७८ मध्ये बेल्जियममधील बेर्निसार गावच्या कोळसा खाणीत इग्वानोडॉनचे अनेक सांगाडे सापडले आणि उत्तर मिळाले : ते शिंग नव्हतेच, तो अंगठ्याचा काटा होता. विज्ञानाने आपली समजूत दुरुस्त केली. पुतळे मात्र आजही नाकावर शिंग घेऊन उभे आहेत. लेखी विधान पुढच्या आवृत्तीत बदलता येते. चित्र एकदा लोकांच्या मनात बसले की त्याला पुढची आवृत्ती नसते.

९/ महाराष्ट्राचा विचार करताना प्रथम एक भूवैज्ञानिक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी लागते. कोकणात डायनासोरची हाडे सापडत नाहीत आणि याला कारण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनवर लाव्हाचे थर पसरत गेले. सह्याद्री त्यातूनच घडला. त्या काळ्या पाषाणाची पुढे दीर्घकाळ झीज होऊन कोकणच्या माथ्यावरचा तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला. हाडे जपणारे गाळाचे थर त्या लाव्हाच्या खाली किंवा दोन थरांच्या मध्ये असतात. ते उघडे पडतात विदर्भात.

१०/ चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव आणि पिसदुरा ही गावे त्यामुळेच जगाच्या जीवाश्मनकाशावर आली. डोंगरगावच्या टेकडीवरील हाडे १९८० च्या दशकात गोळा झाली. सोहन जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. २००३ मध्ये या प्राण्याला आयसिसॉरस हे स्वतंत्र नाव मिळाले. नावातील पहिली अक्षरे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून घेतलेली आहेत.

११/ मणके, फासळ्या, कमरेची हाडे, खांदा, पुढचा पाय असे बरेच काही हाती लागले. त्यावरून पुढचे पाय लांब आणि मान तुलनेने आखूड, असा काहीसा निराळा बांधा स्पष्ट झाला. सापडले नाही ते शिर. मागचा पाय आणि पाऊलही नाही.

१२/ दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या अगदी सीमेवरचे. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून ज्या खडकसमूहाला नाव मिळाले, त्याच खडकांत प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आज तेलंगणात असलेल्या पोचमपल्लीजवळ, एका प्राण्याची सुमारे ३०० हाडे सापडली. किमान ६ प्राण्यांची ती असावीत. १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले : बारापासॉरस टागोरी. बारापा म्हणजे बंगालीत मोठा पाय. टागोरी हे रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ, कारण १९६१ हे त्यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते.

१३/ या बारापासॉरसचेही शिर नाही. काही दात मिळाले, कवटी नाही. म्हणजे मराठी मुलखाला सर्वांत जवळचे असे हे दोन महाकाय शाकाहारी प्राणी चित्रकारापुढे उभे राहतात ते शिराविना. तरीही त्यांची जी चित्रे सर्वत्र दिसतात, त्यांत डोके असते, डोळे असतात, कधी कधी ओठांवर पालाही असतो.

१४/ ही लबाडी आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जवळच्या नातलग प्राण्याची कवटी आधाराला घेणे ही विज्ञानाला मान्य असलेली रीत आहे. उदाहरणार्थ, मादागास्करमधील रापेटोसॉरस या टायटॅनोसॉर कुळातील प्राण्याचे २००१ मध्ये वर्णन झाले, आणि त्यात कवटीही होती. तिच्यावरून अंदाज बांधता येतो. अडचण एवढीच, की चित्रात अंदाज आणि पुरावा एकाच रंगाने, एकाच ठामपणे रंगवलेले असतात. पाहणाऱ्याला मणका आणि डोळा यांत फरक करता येत नाही.

१५/ नेमक्या याच ठिकाणी चिनी चित्रपरंपरा उपयोगी पडते, आणि ती केवळ शैली म्हणून नव्हे. सहाव्या शतकाच्या आसपास शिये हे या समीक्षकाने चित्रकलेची सहा तत्त्वे सांगितली. पहिले तत्त्व चित्रातील प्राणतत्त्वाचे. दुसरे कुंचल्याच्या अस्थिपद्धतीचे : रेषेला हाड असले पाहिजे, म्हणजे आतून आधार देणारे बळ असले पाहिजे. आपल्याकडील चित्रषडंगात प्रमाण आणि सादृश्य यांना जे स्थान आहे, त्याच्याशी याची तुलना करता येईल. पण अस्थी हा शब्दच तत्त्व म्हणून वापरणे हे चिनी परंपरेचे वैशिष्ट्य.

१६/ शिये हे याच्या मनात अर्थातच सांगाडे नव्हते. तो हस्ताक्षरासारख्या जिवंत रेषेविषयी बोलत होता. पण डायनासोर रंगवणाऱ्याला हे तत्त्व शब्दशः लागू पडते. आधी हाड, मग स्नायू, मग कातडी. ज्या रेषेखाली हाड नाही, ती रेषा कितीही डौलदार असली तरी या चित्रात पोकळच.

१७/ चिनी परंपरेत रेखाटनाच्या दोन मोठ्या वाटा आहेत. पहिली गोंगबी, म्हणजे बारीक, नेटक्या, मोजक्या रेषेची. दहाव्या शतकातील ह्वांग च्वान हा तिचा मोठा आचार्य. पक्षी, कीटक आणि कासवे यांची त्याची एक प्रसिद्ध गुंडाळी बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. ती मुलाच्या सरावासाठी काढलेली होती. प्रत्येक पिसाची मांडणी, प्रत्येक पायाचा सांधा निरीक्षणाने तोललेला. आजच्या शास्त्रीय चित्रणाशी तिचे नाते लगेच जुळते.

१८/ दुसरी वाट शिएयी, म्हणजे आशय लिहिण्याची. येथे मोजक्या फटकाऱ्यांत प्राण्याचे चैतन्य पकडायचे असते. एकाच काळ्या शाईत पाण्याच्या प्रमाणाने गडद ते फिकट छटा निर्माण होतात. शाईतच पाच रंग सामावलेले असतात, ही कल्पना नवव्या शतकातील कलेतिहासकार झांग यानयुआन याच्या लेखनापर्यंत मागे नेता येते. शोषक कागदावर पडलेला फटकारा पुसता येत नाही. चित्रकाराला ठरवूनच हात टाकावा लागतो.

१९/ आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : ल्युबाय, म्हणजे मोकळे सोडणे. तेराव्या शतकाच्या सुमारास मा युआन चित्राचा एखादाच कोपरा रंगवी आणि उरलेल्या रिकाम्या जागेत नदी, आकाश, थंडी पाहणाऱ्याला दिसत. सतराव्या शतकात बादा शानरेन कोऱ्या कागदावर एक मासा काढी आणि पाणी न काढताच पाणी दिसे. या परंपरेत रिकामी जागा म्हणजे अपुरे राहिलेले काम नव्हे. ती बोलती असते.

२०/ १२४४ मध्ये चेन रोंग याने नऊ ड्रॅगनांची गुंडाळी रंगवली. ती आज बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. ड्रॅगन हा तर कोणीच न पाहिलेला प्राणी. त्याने तो पूर्ण उघडा केला नाही. कुठे नखे, कुठे खवले, कुठे डोळे. उरलेले शरीर ढगांत आणि पाण्यात. न पाहिलेल्या प्राण्याचे काही अंग झाकलेले ठेवल्याने तो अधिक खरा वाटतो, हे चित्रकारांना ७०० वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

२१/ येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चिनी भाषेत डायनासोरला कोंगलोंग, म्हणजे भयंकर ड्रॅगन, म्हणतात. जुन्या औषधांच्या दुकानांत ड्रॅगनची हाडे म्हणून विकले जाणारे अवशेष बहुधा प्राचीन सस्तन प्राण्यांचे जीवाश्म असत. शब्दांच्या या जवळिकीमुळे चित्रकार डायनासोरला मिशा, आयाळ आणि नागमोडी अंग देऊन मोकळा होतो. मग तो हान फेइच्या गोष्टीतल्या भुतांच्या बाजूला जातो. ड्रॅगनच्या चित्रातून ढग घ्यावेत, अंग घेऊ नये.

२२/ योगायोग असा, की डायनासोरच्या चित्रणातील आधुनिक क्रांतीही चीनमध्येच झाली. १९९६ मध्ये लिआओनिंग प्रांतातील सायनोसॉरोप्टेरिक्स या छोट्या डायनासोरच्या अंगावर पिसांसारख्या तंतूंचे ठसे जगापुढे आले. २०१० मध्ये त्या तंतूंतील रंगकणांच्या सूक्ष्म अवशेषांवरून त्याच्या शेपटीवर तांबूस-तपकिरी आणि फिकट पट्टे असल्याचे अनुमान प्रसिद्ध झाले. रंग हा कायमचा हरवलेला भाग, ही समजूत काही प्राण्यांपुरती तरी संपली.

२३/ २०१२ मध्ये चार पंखांच्या मायक्रोरॅप्टरविषयीही असेच संशोधन आले : त्याची पिसे काळी आणि कावळ्यासारखी चमकदार होती. म्हणजे ज्या प्राण्याला केवळ काळ्या शाईत रंगवणे शास्त्रीयदृष्ट्याही योग्य ठरावे, असा एक डायनासोर खरोखरच होऊन गेला. त्याच्यासाठी ह्वांग च्वानची पिसे आणि काळ्या शाईच्या पाच छटा हेच सर्वांत अचूक साधन आहे. आयसिसॉरसच्या कातडीचा रंग मात्र ठाऊक नाही. तेथे फिकट शाई हीच प्रामाणिक भाषा.

२४/ चिनी शाई भारतीय चित्रकारांना परकी नाही. १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर नंदलाल बोस चीनला गेले. १९३७ मध्ये शांतिनिकेतनात चीना भवन सुरू झाले. १९३९-४० मध्ये शू बेइहोंग हा चिनी चित्रकार शांतिनिकेतनात येऊन राहिला. त्याचे शाईतले घोडे जगप्रसिद्ध आहेत. ते चार फटकाऱ्यांत काढल्यासारखे वाटतात, पण त्यांच्यामागे घोड्याच्या शरीररचनेचा कसून केलेला अभ्यास आहे. हान फेइच्या चित्रकाराने ज्याला सर्वांत अवघड म्हटले, तो प्राणी त्याने निवडला होता.

२५/ आता हे सारे डिजिटल पडद्यावर कसे उतरते ते पाहू. दाब ओळखणारी लेखणी हलक्या आणि जड हाताचा फरक टिपते. कुंचल्याचा ओलेपणा, कागदाचा शोषकपणा आकड्यांत ठरवता येतो. पण या माध्यमाची खरी देणगी म्हणजे लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले वेगवेगळे थर. प्रत्येक थर स्वतंत्र राहतो आणि केव्हाही उघडून दाखवता येतो. कागदावरच्या शाईला हे शक्य नव्हते.

२६/ यातून एक शिस्त बांधता येते. पहिल्या थरात सापडलेली हाडेच, त्यांच्या मापांसह. दुसऱ्यात त्यांवरून निश्चित होणारी शरीररेषा, गोंगबीच्या नेटक्या हाताने. तिसऱ्यात नातलग प्राण्यांवरून बांधलेला अंदाज, शिएयीच्या फिकट, ओल्या शाईत. आणि ज्याला कसलाच आधार नाही, तेथे कोरा कागद. आयसिसॉरसची मान धुक्यात विरत जाईल आणि शिर दिसणार नाही. ती शैलीची लहर नसेल, ते विधान असेल.

२७/ परिसराच्या बाबतीतही हाच नियम. डायनासोरच्या काळात गवत नव्हते, असे चित्रकारांना बराच काळ सांगितले जाई. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिसदुरा येथील जीवाश्म झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दाखवून दिले. टायटॅनोसॉर कुळातील प्राण्यांची ती असावी असे मानले जाते. चंद्रपूरच्या एका गावातील पुराव्याने जगभरच्या चित्रांत गवताला जागा मिळाली. म्हणून गवताची काडी काढता येईल. चिनी चित्राची आठवण म्हणून बांबूचे बन मात्र लावता येणार नाही.

२८/ चिनी गुंडाळीकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे : शिक्के आणि टिपा. चित्रकार चित्रावरच लिहितो, पुढचे संग्राहक लाल शिक्के उमटवतात, रसिक शेवटी अभिप्राय जोडतात. चित्र कोणाकडून कोणाकडे गेले, कोणी त्यावर शंका घेतली, हे चित्रासोबतच प्रवास करते. डिजिटल चित्राचे दुर्दैव नेमके उलट. दोन-तीन हात फिरले की चित्रकाराचे नाव गळते, आधार गळतो, आणि अंदाज हा पुरावा म्हणून पाठ्यपुस्तकासारखा मिरवू लागतो. कोणती हाडे, कोणते वर्ष, कोणता अंदाज, हे चित्राच्या अंगावरच लिहिलेले असावे.

२९/ यावर आक्षेप संभवतो. शाळकरी मुलाला शिर नसलेला डायनासोर दाखवून काय साधणार? संग्रहालयाला पूर्ण प्राणी हवा असतो, आणि ती मागणी गैर नाही. उत्तर असे, की पूर्ण चित्र काढूच नये असे कोणी म्हणत नाही. पूर्ण चित्राशेजारी हे दुसरे चित्र असावे. पहिले सांगेल, प्राणी कसा असावा. दुसरे सांगेल, माणसाला काय कळले आहे. दुसऱ्या चित्रातील रिकाम्या जागेकडे पाहूनच एखादे मूल विचारेल, हे अजून कोणी शोधले नाही का?

३०/ रत्नागिरीच्या कातळशिल्पांकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सहकाऱ्यांच्या शोधयात्रांतून रत्नागिरी आणि परिसरातील सत्तरांहून अधिक ठिकाणच्या दीड हजारांहून अधिक आकृती समोर आल्या आहेत. उक्षी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी ही नावे आता अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. त्यांतील काही आकृती एकशिंगी गेंड्याच्या आणि पाणघोड्यासारख्या प्राण्याच्या असल्याचे अभ्यासकांचे मत आहे. आज कोकणात यांपैकी एकही प्राणी नाही.

३१/ हे अशक्य कोटीतले नाही. गुजरातमधील लांघणज येथे, जेथे १९४० च्या दशकात सांकलिया आणि इरावती कर्वे यांनी काम केले, मध्याश्मयुगीन थरात गेंड्याचे हाड मिळाले. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबादच्या कांस्यशिल्पांत गेंडा आहे. पाणघोड्याचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात मिळालेले आहेत. म्हणजे सड्यावरची रेषा एखाद्या नाहीशा झालेल्या जीवसृष्टीची साक्ष असू शकते. जेथे हाडे टिकत नाहीत, अशा आम्लधर्मी तांबड्या मातीच्या प्रदेशात ही रेषा हाच जवळजवळ एकमेव जबाब आहे.

३२/ आणि त्या रेषेची रीत पाहावी. बहुतेक आकृतींत बाह्यरेषा आहे, आतले तपशील थोडे, उरलेला कातळ तसाच मोकळा. छिन्नी एकदा चालली की माघार नाही, चिनी शाईसारखीच. चीन आणि कोकण यांच्यात येथे काही देवाणघेवाण झाली, असा याचा अर्थ मुळीच नाही. एवढेच, की मोजके सांगून थांबण्याचे शहाणपण माणसाला वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुचले.

३३/ हा जबाब मात्र सुरक्षित नाही. ज्या जांभ्यावर आकृती आहेत, तोच जांभा चिऱ्यांसाठी कापला जातो. रस्ते, बागायती, बांधकामे याच सड्यांवर येतात. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यानंतरच्या वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झाले आणि मोठे आंदोलन झाले. प्रकल्पाविषयी मते भिन्न असतील. पण त्या सड्यावर कोरलेल्या रेषा आहेत, याविषयी मतभेद नाही.

३४/ ड्रोनने काढलेली छायाचित्रे आणि त्यांवरून तयार केलेली डिजिटल रेखाटने यांमुळे या आकृती आज घरबसल्या पाहता येतात. हे मोलाचे काम आहे. पण प्रतिमा सुरक्षित झाली म्हणजे मूळ सुरक्षित झाले, असे नव्हे. कोरीव रेषेची खोली, तिच्यावरची झीज, शेजारच्या मातीतली दगडी हत्यारे, यांतूनच उद्या काळ ठरणार आहे. आज या आकृतींचा काळ मध्याश्मयुगापासून प्रारंभिक ऐतिहासिक काळापर्यंत असा फार रुंद मानला जातो. कातळ कापला गेला, तर तो अरुंद करण्याची संधीही त्याच्याबरोबर जाईल.

३५/ रिकाम्या जागा दोन प्रकारच्या असतात. एक, जी चित्रकार जाणूनबुजून सोडतो, कारण अजून कळायचे आहे. आयसिसॉरसचे शिर तशा जागेत आहे. विदर्भातल्या एखाद्या नाल्याच्या काठावर ते उद्या सापडूही शकेल आणि चित्र पुरे होईल. दुसरी, जी पुरावा नष्ट केल्याने निर्माण होते. ती कोणत्याही कुंचल्याने, शाईने किंवा यंत्राने पुन्हा भरता येत नाही. पहिली जागा जपणे चित्रकाराच्या हाती आहे. दुसरी होऊ न देणे सड्यावर राहणाऱ्या आणि सड्याविषयी निर्णय घेणाऱ्या सर्वांच्या.